तेरा महिन्यांच्या मुलीसाठी पाळणाघर : निवड कशी करावी आणि रुळायला किती वेळ द्यावा?

अबोली_डोंबिवली (एप्रिल)

नमस्कार. आमची मुलगी या महिन्यात तेरा महिन्यांची झाली. प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यापासून तिचे न्हाऊमाखू, खाणेपिणे, दुपारची झोप हे सारे सासूबाईंनीच पाहिले. परंतु जुलैमध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्यानंतर धावू लागलेल्या नातीच्या मागे त्यांनी फिरावे, अशी अपेक्षा ठेवणे आम्हा दोघांनाही रास्त वाटत नाही. म्हणून जूनपासून तिला पाळणाघरात ठेवायचे आम्ही ठरवले आहे.

माझे कार्यालय फोर्टला आहे. सकाळी साडेसातला मी घर सोडते आणि परतायला संध्याकाळचे साडेसात होतात. यजमान ठाण्याला असल्यामुळे सहाच्या सुमारास पोहोचू शकतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. त्याप्रमाणे आमच्या कार्यालयाजवळ ती सोय आहे, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटून येण्याची मुभाही कायद्याने दिली आहे. पण सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून लेकराला कडेवर घेऊन लोकलमध्ये चढायचे आणि संध्याकाळी तसेच परतायचे, हा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडून दिला.

उरले दोन पर्याय. एक स्टेशनजवळचे मोठे पाळणाघर आहे : वातानुकूलित खोल्या, भिंतींवर चित्रे, मोबाइलवर पाहता येणारे कॅमेरे आणि दुसऱ्या पर्यायाच्या दुपटीहून अधिक शुल्क. दुसरे आमच्यापासून दोन इमारती सोडून, पन्नाशीच्या एका काकूंच्या घरी आहे. त्यांच्याकडे सात मुले आहेत आणि मदतीला एक मावशी असतात. घर स्वच्छ आहे, कॅमेरा नाही. सासूबाईंना काकूंचे घर पटले आहे, तर यजमानांना कॅमेऱ्याचा आधार वाटतो. मुलगी सध्या इतकी बुजते की सख्ख्या मामाने उचलले तरी रडून लाल होते. पाळणाघर पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे, आणि तिला रुळवण्यासाठी मी किती दिवसांची रजा हाताशी ठेवावी? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानजाई

अबोलीताई, माझी दोन्ही मुले पुण्यात पाळणाघरातच वाढली. पहिल्याच्या वेळी मी भिंती पाहिल्या, खेळणी पाहिली, शुल्काचा तक्ता पाहिला आणि नाव नोंदवून आले. दोन महिन्यांनी मुलगा घरी जेवताना तोंडच उघडेना. वरणभाताचा घास पुढे केला की तो समोर कोणी तरी काही तरी ठेवील अशी वाट पाहत बसायचा. मी पाण्याचा पेला ठेवला, वाटी ठेवली, शेवटी सहज मोबाइल ठेवला आणि त्याने लगेच आ केला. तेव्हा कळले की तिथे सगळ्या मुलांना ओळीने पडद्यासमोर बसवून भरवत होते. त्या लोकांच्या मनात वाईट काही नव्हते, बारा मुलांना दोन मुलींनी भरवायचे होते इतकेच. पण ती गोष्ट मला आधी दिसायला हवी होती, आणि जेवणाच्या वेळी मी तिथे एकदा जरी गेले असते तरी ती दिसली असती.

त्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे की दोन्ही ठिकाणी किमान दोनदा जा : एकदा वेळ ठरवून आणि एकदा न सांगता. न सांगता जायचे ते दुपारी साडेबाराला, नाही तर संध्याकाळी पाच-साडेपाचला, म्हणजे मुले आणि माणसे दोन्ही थकलेली असतात तेव्हा. त्या वेळी दारातूनच परत पाठवू लागले, तर पुढे चौकशी करण्याची गरज नाही. आत गेल्यावर एखादे मूल रडेपर्यंत थांबा. ते रडतेच, आणि त्यात काही गैर नाही. रडल्यावर त्याच्याकडे कोण जाते, किती वेळाने जाते, उभ्यानेच हाक मारते की खाली बसून जवळ घेते, हे पाहा. शी झालेल्या मुलाला धुताना त्याच्याशी कोणी बोलते का, तेही पाहा. माझ्या मते दोन वर्षांखालील तीन किंवा फार तर चार मुलांमागे एक मोठे माणूस असलेच पाहिजे. सात मुलांत तान्ही किती आणि शाळेतून येणारी मोठी किती, हे काकूंना स्पष्ट विचारा, कारण सात हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारा : मुलांना सांभाळणारे माणूस तिथे किती वर्षे आहे? मोठ्या पाळणाघरांत तीन-चार महिन्यांनी ताया बदलतात. एवढ्या लहान मुलीला दर तिमाहीला नव्या माणसाशी सलगी करायला लावणे हे वातानुकूलनाने भरून निघत नाही.

बाबा_ठाणे

कॅमेऱ्याबद्दल अबोलीताईंच्या यजमानांना काय वाटते ते मला नीट समजते, कारण मीही कॅमेरा असलेलेच पाळणाघर निवडले होते. पहिला महिनाभर मी कामाच्या वेळात सतत ते चित्र उघडून पाहत असे. मुलगी कोपऱ्यात बसलेली दिसायची, पण ती रुसून बसली आहे की रमून बसली आहे हे कळायचे नाही, कारण चित्राला आवाज नव्हता. तिच्याशी कोणी कसे बोलते हे मला शेवटपर्यंत ऐकू आले नाही. कॅमेरा असावा, त्याने धाक राहतो. परंतु केवळ त्याच्यासाठी निवड करू नये असे मी आता म्हणेन.

त्यापेक्षा घराची पाहणी आम्ही पुरुषांनी बारकाईने करावी. न्हाणीघरात भरलेली बादली किंवा पिंप उघडे राहते का, हे सर्वांत आधी पाहा. चालायला लागलेले मूल वाकून बादलीत डोके खाली पडले तर त्याला वर येता येत नाही, आणि त्यासाठी फार पाणीही लागत नाही. बाल्कनीच्या जाळीच्या आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवून चढता येते का, जाळीला लागून खुर्ची किंवा स्टूल ठेवलेले आहे का, स्वयंपाकघराच्या दाराला अडसर आहे का, बाहेरच्या दाराची कडी मुलाच्या हाताला लागते का, हेही पाहा. मुलाला न्यायला कोण येऊ शकते त्याची नावे लिहून द्या आणि त्या यादीबाहेरचे कोणीही आले, अगदी सख्खा काका आला, तरी तुम्हांला फोन केल्याशिवाय मूल हातात द्यायचे नाही असे ठरवून घ्या. हे ऐकून ज्यांना राग येतो त्यांच्याकडे मी मूल ठेवणार नाही.

काकूंचं_घर

अबोली, मी वयाने मोठी आहे, म्हणून तुला अगं-तुगं करते. मी १९९८ पासून ठाण्याच्या पुढे घरीच पाळणाघर चालवते आहे. माझ्याकडे वाढलेल्या मुली आता त्यांची बाळे घेऊन येतात. पालकांच्या बाजूने इथे पुष्कळ लिहून झाले आहे, मी दुसऱ्या बाजूने लिहिते.

मूल पहिल्या दिवशी उंबरठ्यावर येते तेव्हा ते माझ्याकडे पाहत नाही, आईच्या तोंडाकडे पाहते. आई माझ्याशी मोकळेपणाने दोन शब्द बोलली, माझ्या हातचा चहा घेऊन दहा मिनिटे बसली, की मुलाच्या मुठी सैल होतात. आई दारातच घड्याळ पाहत, डोळे पुसत उभी राहिली, तर मुलाने माझ्यावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवायचा? म्हणून मी नव्या आईला सांगते की पहिले तीन-चार दिवस तू इथे येऊन बस, भाजी निवड, पण मुलाला माझ्याकडे ढकलू नकोस. ते आपणहून येते. एखादे मूल दुसऱ्या दिवशी येते, एखाद्याला आठवडा लागतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते : मुलाला खेळात गुंतवून गुपचूप निसटू नका. घरातली मोठी माणसे हाच सल्ला देतात, आणि त्या दिवशी रडणे वाचते हेही खरे. पण वळून पाहिल्यावर आई नाही असे एकदा झाले की पुढचे पंधरा दिवस ते मूल खेळत नाही, दाराकडे तोंड करून बसते. सांगून जा. ‘आई कामाला जाते, तू दुपारी जोजो करशील, उठून दूध पिशील, मग बाबा येतील,’ असे रोज तेच शब्द सांगा, पापा घ्या आणि निघा. निघाल्यावर परत आत येऊ नका. ते रडेल, मी आहे, मी घेईन.

तिच्या सवयी मला लिहून दिल्या तर माझे काम निम्मे हलके होते. झोपताना कान चोळून घेते की पाठीवर थोपटून घेते, पाण्याला काय म्हणते, शू लागली की काय करते, हे सगळे लिही. तिची रोजची गोधडी दे, आणि ती पहिल्या दोन आठवड्यांत धुऊ नकोस, घरचा वास तिच्यात राहू दे.

पावसाळ्याची सोय आधीच विचारून ठेव. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात, आणि माझ्याकडची नऊ मुले रात्री माझ्याकडेच राहिली. वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात मुगाची खिचडी भरवली आणि दोन गाद्यांवर सगळ्यांना आडवे निजवले. शेवटची आई दुसऱ्या दिवशी दुपारी कुर्ल्याच्या पुढून रुळांवरून चालत आली. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला विचारते की तुम्ही दोघेही अडकलात तर जवळचे कोण येईल, आणि कोणीच नसेल तर रात्रीचे कपडे आणि दुधाची पावडर माझ्याकडे ठेवून घेते. तुम्ही दोघेही मध्य रेल्वेवर अवलंबून आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

जुनी_वाट

मला स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमा असावी, पण इतक्या लहान वयात मुलीला परक्या घरी ठेवणे मनाला पटत नाही. दोन वर्षांची होईपर्यंत आईने घरी राहावे. नोकरी पुन्हा मिळते, हे दिवस मिळत नाहीत.

रानजाई

जुनी_वाट, आपल्या काळजीचा मी आदर करते. पण ज्या बायकांना शेतावर, बांधकामावर किंवा कारखान्यात जावेच लागले, त्यांच्या मुलांचा प्रश्न काही आजचा नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला काम करताना पाहिले की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुली शाळेत येऊच शकत नाहीत. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती. मूल आपल्या माणसांत, आपल्या भाषेत, जवळ घेणाऱ्या हातांत वाढावे याचा विचार महाराष्ट्रात फार पूर्वीपासून झालेला आहे. अबोलीताईंचा निर्णय झाला आहे, तो नीट पार पडावा यासाठी आपण लिहू या.

इसार_काठी

मी म्युनिकमध्ये राहते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क आहे (प्रत्यक्षात जागा मिळेपर्यंत आम्ही आठ महिने थांबलो, तो भाग वेगळा). इथे मुलाला रुळवण्याच्या काळाला स्वतंत्र नाव आहे, ‘आइनगेव्योनुंग’, आणि बहुतेक ठिकाणी ‘बर्लिन पद्धत’ पाळतात. वर ‘काकूंचं_घर’ यांनी अनुभवातून जे लिहिले तेच तिथे पायरीपायरीने मांडलेले आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभरच जातात आणि एका कोपऱ्यात बसून राहतात. स्वतःहून मुलाशी खेळायचे नाही, पण मूल येऊन बिलगले तर त्याला दूरही करायचे नाही. मुलासाठी नेमलेली एकच ताई हळूहळू जवळ येते. या तीन दिवसांत मुलाला एकटे सोडण्याचा प्रयत्नही करत नाहीत. चौथ्या दिवशी आईने निरोप घेऊन खोलीबाहेर जायचे, पण इमारतीतच थांबायचे. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर तो मंगळवारी घेतात, कारण दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाला सोमवार जड जातो. मूल रडले आणि ताईच्या कुशीत शांत झाले, तर हा पहिला विरह अर्ध्या तासापर्यंत लांबवतात. शांत होत नसेल तर दोन-तीन मिनिटांतच आईला आत बोलावतात आणि मग काही दिवस पुन्हा एकत्र बसतात. अशा मुलांना दोन-तीन आठवडे लागतात. पुढे वेळ वाढवत नेतात : आधी जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे मूल रुळले हे ते कशावरून ओळखतात. निरोपाच्या वेळी रडणे थांबले की नाही हे ते मोजत नाहीत. रडल्यावर मूल त्या ताईकडून समजूत घालून घेते का, एवढेच पाहतात. माझा मुलगा तीन महिने रोज दारात रडत होता आणि तरीही तो तिथे रुळला होता, कारण त्याचे रडणे तिच्या खांद्यावर थांबत असे. अबोलीताई, तुम्ही किमान दोन आठवड्यांची रजा ठेवा, आणि शक्य असल्यास त्यातला एक आठवडा यजमानांना घ्यायला सांगा. बाबा सोडायला गेले तर बरीच मुले कमी रडतात.

बालवैद्य

बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडे लिहितो. आठव्या-नवव्या महिन्यापासून मूल परक्या माणसाला बुजू लागते, आणि आईपासून दूर होण्याची भीती सुमारे दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सर्वांत तीव्र असते. आपली मुलगी नेमक्या त्याच वयात आहे. तिचे मामाकडे न जाणे हे आपल्या माणसांची पक्की ओळख पटल्याचे लक्षण आहे, त्यात कोणताही दोष नाही.

पहिल्या वर्षी आजारपणे वाढतील, याची तयारी ठेवा. या वयात वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे आणि पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य पुरळही येतो. फ्लूची लस दिली नसेल तर पावसाळ्यापूर्वी द्या; पहिल्या वर्षी तिच्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. पंधराव्या महिन्याच्या लसी लांबवू नका. तापाचे औषध पाजून मुलाला पाळणाघरात सोडण्याचा मोह टाळा, कारण काही तासांनी औषधाचा अंमल उतरतो आणि तोवर बाकीच्या मुलांना संसर्ग झालेला असतो. डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नका आणि दुसऱ्या मुलांच्या डब्यातील खाऊही पाहून द्यायला सांगा.

पहिले काही आठवडे मूल रात्री जास्त उठेल, अंगावर पिणे वाढवेल, घरी आल्यावर चिडचिड करील. हे अपेक्षित आहे. मात्र महिना-दीड महिना उलटूनही ते पाळणाघरात खातच नसेल, वजन उतरत असेल, पूर्वी बडबडणारे मूल घरीही गप्प राहत असेल किंवा एका विशिष्ट माणसाला पाहून आक्रसत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणून थांबू नका.

अबोली_डोंबिवली (जून अखेर)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोन्ही ठिकाणी न सांगता जाऊन आलो. मोठ्या पाळणाघरात स्वागतकक्षातच बसवून ठेवले आणि मुले झोपली आहेत असे सांगितले, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आतून रडण्याचे आवाज येत होते. काकूंनी दार उघडले तेव्हा त्यांच्या हाताला भात लागलेला होता. एक मुलगा मांडीवर होता, दुसरा पाठीला टेकून उभा होता. त्या म्हणाल्या, ‘आत या, पण मी उठत नाही, याचे चार घास राहिलेत.’ यजमानांनी तिथेच मान डोलावली. सात मुलांपैकी चार शाळकरी आहेत आणि दुपारनंतर येतात. न्हाणीघरातील पिंपाला झाकण नव्हते, ते आम्ही सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी आले.

मी दोन आठवडे आणि यजमानांनी एक आठवडा रजा घेतली. पहिले तीन दिवस मी काकूंकडे बसून अक्षरशः गवार निवडली. मुलगी माझ्या गुडघ्याला धरून होती. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हिरव्या बांगड्यांचा आवाज ऐकून ती त्यांच्यापर्यंत गेली, एक बांगडी ओढून पाहिली आणि धावत परत आली. असे तिने पाच-सहा वेळा केले. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडले आणि जिन्यात उभी राहिले. ती इतकी रडली की तीन मिनिटांत मी आत गेले, आणि आमचा मार्ग लांबचा आहे हे समजले. दहाव्या दिवशी ती काकूंच्या खांद्यावर गप्प झाली. मग तिला ताप आला, आठवडाभर घरी राहिली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले, पण या खेपेस चार दिवस पुरले.

अबोली_डोंबिवली (सप्टेंबर)

सासूबाईंची शस्त्रक्रिया नीट पार पडली, आता त्या काठी घेऊन चालतात. मुलगी सकाळी अजूनही रडते, पण हात मात्र काकूंकडेच पसरते. संध्याकाळी बाबा दिसताच पुन्हा रडू लागते. प्रथम आम्ही घाबरलो होतो, पण काकू म्हणाल्या की दिवसभर आवरून धरलेले ती हक्काच्या माणसाजवळ सोडते. घरी तिने बाहुलीला मांडीवर घेऊन ‘चाल घाश’ म्हणत भरवायला सुरुवात केली आहे, आणि त्या वेळी ती काकूंसारखीच मान वाकडी करते.

गणपतीत पाच दिवस काकूंकडे सुट्टी होती. त्यानंतर आम्ही पहिले दोन दिवस तिला जेवणापर्यंतच ठेवले. दिवाळीत काकू आठ दिवस गावाला जाणार आहेत, तेव्हाही असेच करण्याचा विचार आहे. त्या वेळी मावशींकडे दोन-तीन तास ठेवून पाहावे, की काकू परत येईपर्यंत घरीच ठेवावे, याबद्दल अनुभव असेल तर कृपया लिहा.

काकूंचं_घर

मावशी पहिल्या दिवसापासून तिथेच आहेत आणि तिला धुतात-पुसतात, तर ती त्यांना परकी मानणार नाही. तरी दिवाळीआधीच्या आठवड्यात काकू घरात असतानाच मावशींना दोनदा तिला झोपवू दे. मावशींच्या हातून झोपली तर दोन-तीन तास खुशाल ठेव. नाही झोपली, तर ते आठ दिवस तुम्ही दोघे आलटूनपालटून रजा घ्या.